तीन पायांचा बगळा

पवनीच्या आमच्या घरातल्या मागावर अकरा वर्षं बसलेल्या म्हाताऱ्या विणकराने माझ्या मुलीला फसवलं. मला नाही, तिला. माझं काही गेलं असतं तर त्याच आठवड्यात भांडून मी ते परत आणलं असतं. पण मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, आणि तिच्याकडून जे गेलं ते भांडून परत येण्यासारखं नव्हतं. आमच्या आळीतल्या बाया अजून मला म्हणतात, एवढंसं चित्र तर होतं, किती वर्षं धरून बसणार आहेस. त्यांनी ते चित्र निघताना पाहिलेलं नाही. म्हणून तिथपासूनच सांगते.

मी साड्यांचा धंदा करते. माझा जन्म विणकराच्या घरचा. बापाचं सगळं आयुष्य खड्ड्याच्या मागावर गेलं, आणि त्याने विणलेलं कापड दुसराच कोणी मिरवत विकायचा. लहानपणीच मी ठरवलं होतं की मी विणणार नाही, विकीन. लग्न झाल्यावर सासरच्या मागावरच्या दोन कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या पिशवीत घातल्या आणि अड्याळच्या बाजारात जाऊन बसले. सासू आठ दिवस बोलली नाही. मग भंडारा, मग साकोली, मग त्याच्या पुढे. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा गोंदियाकडचे दुकानदार "आता तुमचा जिल्हा वेगळा" म्हणून भाव पाडायला लागले, जणू कापडाला सरहद्द ओलांडताना घाम येतो. मी त्यांच्याशीही भांडले. माझा स्वभाव तापट आहे आणि मी कोणावर लवकर विश्वास ठेवत नाही. धंद्यात या दोन्ही गोष्टींनी माझं नुकसान कधी झालं नाही.

घरात दोन माग होते. एकावर माझा नवरा बसायचा. तो कमी बोलतो आणि चांगलं विणतो. दुसऱ्यावर ते म्हातारे बसायचे. मी त्यांना काकाजी म्हणत असे आणि मुलगी आबाजी. काठावर मोर, फूल, पान काढायचं असलं तर त्याचा नक्षा आधी चौकोनी रेघांच्या कागदावर काढावा लागतो. एक चौकोन म्हणजे एक धागा. तो नक्षा वाचत वाचत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि पट्ट्या मागाच्या डोक्यावर चढवायच्या. मग कागदावर जे असेल तेच धाग्यात उतरतं. पट्ट्या पाडण्यात काकाजींचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता, हे मी आजही कबूल करते.

एकदा त्यांनी माझ्या एका नक्ष्यातलं फूल मला न विचारता दुरुस्त केलं होतं. एक पाकळी कमी होती, ती त्यांनी घातली. फूल सुंदर दिसत होतं. तरी मी हातभर कापड उसवायला लावलं. दुकानदाराने पास केलेला नक्षा तो नव्हता, आणि आज पाकळी बदलली तर उद्या रंग बदलेल, परवा आणखी काही. मी त्यांना सगळ्यांसमोर बजावलं होतं, "काकाजी, नक्षा ज्याचा, चूक त्याची. तुम्ही हात लावायचा नाही." ते खाली मान घालून उसवत बसले होते.

या चौकोनी कागदांचे उरलेसुरले तुकडे घरात पुष्कळ असत. आठवड्यातले चार दिवस मी एसटीत असायचे, म्हणून जे दोन-तीन दिवस घरी असे त्या दिवसांत संध्याकाळचा स्वयंपाक होईपर्यंत मुलीसोबत या कागदांवर खेळायचे. खेळायला पेन्सिलीखेरीज काही लागत नसे. एक खेळ डोळे मिटून गाय काढायचा होता. तिची शिंगं शेपटीला लागायची आणि माझी गाय नेहमी बकरीसारखी व्हायची. ती पापण्यांच्या फटीतून बघते हे मला माहीत होतं, कारण मीही बघत होते. दुसऱ्या खेळात कागदाची घडी घालून एकीने डोकं काढायचं, दुसरीने न बघता धड, आणि पाय तिच्या बाबांनी. बाबांना उठवून आणावं लागे. ते सरळ दोन रेघा ओढून परत मागावर जात. पोरगी चिडायची, "बाबा, तुमच्या माणसाले गुडघेच नसते!"

पण आमचा खरा खेळ होता तो एक रेघ तुझी, एक रेघ माझी. आधी बोलायचं नाही की काय काढायचं आहे. तिने एक रेघ ओढायची, मग मी, मग ती. पेन्सिल उचलली की रेघ संपली. खोडायचं नाही. ज्याला पुढची रेघ सुचणार नाही तो हरला. ऐकायला सोपा वाटतो. पण आमच्या घरी प्रत्येक रेघेवर भांडण व्हायचं.

"ही दोन रेघा झाल्या," मी म्हणायचे.

"एकच आहे. मोडली फक्त."

"मोडली म्हणजे दोन."

"आई, पेन्सिल उचलली का मी? सांग न. उचलली का?"

नाही उचललेली. तिच्या सगळ्या रेघा पायऱ्या-पायऱ्यांनी जायच्या, कारण ती पहिल्यापासून चौकोनी कागदावरच शिकली. डोंगर पायऱ्यांचा, नदी पायऱ्यांची, चंद्रसुद्धा पायऱ्यांचा. शाळेतल्या बाईंनी एकदा वहीत लिहून पाठवलं होतं की मुलीला गोल काढता येत नाही. मी त्या वहीवर सही केली आणि मनात म्हटलं, तिला धागा दिसतो, तुम्हाला गोल दिसतो.

त्या दिवशी पहिली रेघ तिची होती. वर जाऊन वळलेली. मी खाली पोट काढलं. तिने चोच काढली तेव्हा दोघींनाही कळलं की हा बगळा आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढल्यापासून आमच्या बाजूला बगळे खूप दिसायचे. मी पाठ काढली, तिने एक पाय, मी दुसरा. मग तिने डोळा, मी पंख, तिने शेपूट, मी पायाखालचं पाणी. बगळा पूर्ण झाला आणि पाळी तिची आली. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, "हरली."

तिने पेन्सिल उचलली. मग तिने शांतपणे तिसरा पाय काढला.

"हे काय वं? तीन पाय?"

"बगळा एक पाय वर उचलते न आई. मग खाली दोन पाहिजे. नाहीतर पडन."

खेळाच्या नियमाप्रमाणे पुढची रेघ मला सुचली नाही म्हणून हरले मीच. आयुष्यात एवढ्या आनंदाने मी दुसऱ्यांदा हरलेले नाही. तिने तो कागद उचलून माग असलेल्या खोलीत नेला आणि आबाजींना दाखवला. तिथून ते हसल्याचा आवाज आला. मी पोळ्या लाटायला उठले.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी मी साकोलीच्या एका दुकानात होते. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला साड्या दाखवत होता आणि मी माझं गाठोडं सोडत होते. त्याने एक कोशाची साडी पसरली. काठावर बगळ्यांची रांग होती. पायऱ्यांची मान, पायऱ्यांचं पोट. मी जवळ गेले. एका बगळ्याचे पाय मोजले. तीन. शेजारच्याचे मोजले. तीन. सबंध काठभर तीन पायांचे बगळे उभे होते.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"तुमच्या पवनीचाच माल आहे, बाई."

"कोणी दिली?"

दुकानदार हसला. "नाव सांगायचं नाही, हे तर तुम्हीच मले शिकवलं."

मी ती साडी विकत घेतली. तेव्हाही भाव केला, हे सांगायला मला लाज नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून काय दिसलं ते मला आठवत नाही. बगळ्याचा कागद घरातल्या पत्र्याच्या पेटीत असायचा आणि पेटीला कुलूप नव्हतं. पहिला संशय मी नवऱ्यावर घेतला. तो गप्प असतो, आणि गप्प माणसाच्या डोक्यात काय चालतं ते बायकोलाही कळत नाही. माझ्या पाठीमागे तो दुसऱ्या कोणाला नक्षे देत असेल का? मग शेजारीण, जी मी नसताना पीठ मागायला येते आणि पीठ नसलं तरी बसते. मग काकाजी. पण काकाजींवर संशय टिकत नव्हता. पट्ट्या पाडताना तिसरा पाय ज्याच्या हाताखाली आला, त्याला ती चूक दिसलीच असणार. चोरी करणारा माणूस खूण पुसतो. ज्याने खूण पुसली नाही तो अडाणी तरी असेल किंवा शहाणा तरी, आणि काकाजी माझ्या मते दोन्ही नव्हते. बस गावात शिरेपर्यंत मी ठरवलं की कोणाला काही विचारायचं नाही. साडी पसरायची आणि चेहरे बघायचे.

घरी पोचले तेव्हा मुलगी शाळेतून आलेली होती. दोन्ही माग चालू होते. मी अंगणातली खाट ओढून माग असलेल्या खोलीच्या दारात आणली आणि तिच्यावर साडी उलगडली. काठ वर.

नवरा उठून आला. त्याने अंगठा काठावरून फिरवला आणि म्हणाला, "काम चांगलं आहे. कोणाचं?" एवढंच. त्याने पाय मोजलेही नाहीत. मला हायसं वाटलं, आणि वाटलं म्हणून रागही आला.

काकाजींचा माग थांबला. आडव्या धाग्याचा धोटा एकदा तिकडे गेला, परत आला नाही. मग परत चालू झाला.

मी त्यांच्याकडे वळणार तेवढ्यात मुलगी धावत आली, साडी बघितली आणि ओरडली, "आला! आबाजी, आला! माझा बगळा आला!"

तिला सगळं माहीत होतं. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, माझ्याच पोरीला. मी तिच्या गालावर थप्पड मारली. तिला आधी काही कळलंच नाही, हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. मग ती रडली. नवरा म्हणाला, "मारतेस काहून? विचार तरी." आणि मी विचारलं.

ती हुंदके देत जे बोलली ते असं. आबाजींनी तिच्याकडे तो कागद मागितला होता. म्हणाले होते, आपण हा बगळा कापडात काढू, पहिला तुकडा तुझा. रुमालाएवढा. शाळेत नेऊन दाखव. आणि आईले सांगू नको, ती त्याचाही भाव करन. म्हणून तिने मला सांगितलं नाही. पण वर्गात सांगितलं. मुली रोज विचारायच्या, कुठे आहे तुझा बगळा. ती सांगायची, येऊन राहिला. महिना गेला, दोन गेले. मुली तिला खोटारडी म्हणायला लागल्या. बाईंनीही एकदा सगळ्यांसमोर सांगितलं की असं उगीच सांगू नये. ती रोज माग असलेल्या खोलीत येऊन विचारायची आणि आबाजी म्हणायचे, येते, येते, कापडाले वेळ लागते.

मी काकाजींच्या मागापुढे जाऊन उभी राहिले.

"काकाजी, हे खरं आहे का?"

"हाव."

"घरी विणलं?"

"सून बसते न मागावर. तिच्याकडून विणून घेतलं."

"मले काहून नाही विचारलं?"

"पोट्टीचा खेळ होता तो. तुले काय फरक पडते?"

"फरक पडत नव्हता तर विचारायचं होतं."

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "विचारलं असतं तर तू देला असता?"

ते पुढे बोलले, हळू आवाजात, मला नाही तर मागालाच सांगितल्यासारखं. "अकरा वर्षं तुह्याच नक्ष्यावर बसलो. फूल तुह्य, पान तुह्य. एक गोष्ट मले आवडली, ती केली."

"आवडली न? मग तिसरा पाय काहून नाही काढून टाकला? काढला असता तर मले जन्मात समजलं नसतं."

"कागदावर होता," ते म्हणाले. "तूच म्हणे न, हात लावायचा नाही."

ते टोमणा मारत नव्हते. खरंच तसं होतं. ज्या माणसाला एका लेकराचा कागद नेताना काही वाटलं नाही, त्याला त्या कागदावरची एक रेघ बदलता आली नव्हती.

तेवढ्यात मुलगी माझ्यामागून पुढे आली. गाल लाल होता. तिने विचारलं, "आबाजी, माझा तुकडा कुठी आहे?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "आणतो, माय," ते म्हणाले. मग मागावरून उठले, खुंटीवरचा डबा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नातेवाइकाकडून निरोप आला की ते आता दुसरीकडे बसणार. तुकडा आला नाही.

मी माझ्या परीने केलं. त्याच साडीचा काठ कापला, कडा शिवून रुमाल केला आणि मुलीच्या दप्तरात ठेवला. संध्याकाळी ती रुमाल परत घेऊन आली.

"दाखवला का?"

"नाही."

"काहून?"

"हा माझा नाही. हा त्यांनी दुसऱ्यासाठी विणला होता."

मी तिला मारलं होतं, याबद्दल तिने मला कधी काही म्हटलं नाही. मी तिची माफी मागितली, त्याच आठवड्यात, चुलीजवळ. ती म्हणाली, "तुले माहीत नव्हतं." एवढ्या लवकर तिने मला माफ केलं की मला तेही संशयास्पद वाटलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी कागद आणि पेन्सिल घेऊन बसले. म्हटलं, चल, एक रेघ तुझी. ती आली, बसली. पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात आधी स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट. त्याच्याखाली माझं. मग म्हणाली, "आता खेळू. पण कागद कोणाजवळ राहीन ते आधी सांग."

मी हसण्याचा प्रयत्न केला. "तुझ्याजवळच राहीन न."

"आणि तू इकडे तिकडे नेशील तर?"

"नाही नेणार."

"शपथ?"

आठ वर्षांच्या पोरीने आईकडून एका रेघेसाठी शपथ घेतली. मी शपथ घेतली आणि आम्ही खेळलो, पण ती डाव्या हाताचा आडोसा करून रेघ ओढत होती, जणू मीच तिच्या खांद्यावरून डोकावणारी होते. त्या दिवशी काही चित्र झालं नाही. ती लवकर हरली, आणि मला वाटतं मुद्दाम हरली, खेळ संपावा म्हणून. आणखी दोन-तीनदा बसलो. मग तिला अभ्यास असायचा.

नवरा एकदा मला म्हणाला, "तुझ्यावरच गेली आहे. यात म्हाताऱ्याचं काय?" त्याचं बोलणं मी बरेच दिवस डोक्यात घोळवलं. ते मला पटत नाही. मी बाजारात संशय घेते, कारण बाजारात लोक फसवतात. घरी येताना मी तो दारात ठेवून येण्याचा प्रयत्न करत असे. नेहमी जमायचं असं नाही. रेघेवर भांडायचे, हे खरं. पण त्या भांडणात ती हसायची. तिच्या डोळ्यांत मी कधी तो हिशेबी भाव पाहिला नव्हता, जो मला आरशात दिसतो. तो तिच्याकडे माझ्यातून आला नाही. ज्याच्या मांडीवर बसून ती नक्षा वाचायला शिकली आणि ज्याने रोज "येते, येते" म्हणत तिला शाळेत खोटारडी ठरू दिलं, त्या माणसाने तो दिला.

आता ती नागपूरला शिकते. घरी आली की टेबलावर तिचे कागद पडलेले असतात. प्रत्येकावर काही लिहिण्याआधी कोपऱ्यात नाव असतं, तारीख असते. मैत्रिणीला वही देते तेव्हा कोणत्या पानापर्यंत दिली ते लिहून ठेवते. धंद्यात पडली तर माझ्यापेक्षा चांगला धंदा करील, यात मला शंका नाही. तिला कोणी फसवू शकणार नाही. लोक मला सांगतात की हे चांगलंच झालं.

काकाजी अजून आहेत. आता माग सुटला, हात कापतात. नदीकडे जाणाऱ्या वाटेवर देवळाच्या ओट्यावर सकाळी बसलेले असतात. मी जाताना दिसले की विचारतात, "पोरगी कशी आहे?" मी उत्तर देत नाही आणि पुढे जाते. त्यांना वाटत असेल, बाई अजून एका नक्ष्यासाठी रुसली आहे.

मला नक्षा नको आहे. तो बगळा किती साड्यांवर गेला, त्या कोणी नेसल्या, हेही मला विचारायचं नाही. मला एवढंच पाहिजे की ती पुढच्या सुट्टीत येईल तेव्हा त्यांनी त्या ओट्यावरून उठावं, आमच्या दारात यावं आणि तिच्यासमोर सांगावं की एका लेकराला दिलेला शब्द त्यांनी काहून मोडला. काकाजी, मला सांगू नका, मी भांडीन. तिला सांगा. तिने विचारलं होतं, आणि तुम्ही डबा उचलून गेलात. तिला उत्तर द्या.